एका महानगराचे अनेक विमानतळ: तुलना करताना काय मोजावे?

२५ डिसेंबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळावरून नियमित प्रवासी उड्डाणे सुरू झाली आणि लंडन, न्यूयॉर्क, टोकियो, पॅरिस यांच्याप्रमाणे मुंबईही एकापेक्षा अधिक मोठे विमानतळ असलेल्या महानगरांच्या यादीत जाऊन बसली. खान्देशातल्या वाचकाला याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर सोपे आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून आखाती देशांत नोकरीसाठी, परदेशी शिक्षणासाठी किंवा मुलांकडे चार महिने राहायला जाणाऱ्या अनेकांचा विमानप्रवास आजही मुंबईतूनच सुरू होतो. आतापर्यंत ‘मुंबईचे विमानतळ’ म्हटले की एकच ठिकाण डोळ्यांसमोर येत असे. आता तिकीट काढतानाच ‘कोणते?’ हा प्रश्न उभा राहतो. हा प्रश्न जगातल्या अनेक महानगरांना गेली पन्नास-साठ वर्षे पडतो आहे आणि त्याची उत्तरे प्रत्येकाने वेगवेगळी, काहींनी तर फारच महागात पडलेली, शोधली आहेत.

अशा महानगरांची तुलना करताना पहिली चूक होते ती विमानतळांची संख्या मोजण्याची. लंडनला सहा, न्यूयॉर्कला तीन, मुंबईला दोन, म्हणजे लंडन मुंबईच्या तिप्पट, हा हिशेब ऐकायला बरा वाटतो, पण त्यातून काहीच कळत नाही. मुळात कोणता विमानतळ कोणत्या शहराचा, हेच ठरवणे अवघड असते. लंडनच्या सहांपैकी हीथ्रो आणि सिटी हे दोनच विमानतळ शहराच्या हद्दीत आहेत. गॅटविक, स्टॅन्स्टेड, ल्यूटन आणि साउथएंड हे चारही हद्दीबाहेर, काही तर पन्नास-साठ किलोमीटर दूर आहेत. पॅरिसच्या नावावर खपवला जाणारा बोव्हे विमानतळ शहरापासून ऐंशी किलोमीटरहून अधिक लांब आहे. स्वस्त विमान कंपन्यांनी तर याचा कळस केला: जर्मनीतला हान नावाचा विमानतळ, जो पूर्वी अमेरिकी हवाई दलाचा तळ होता, तो ‘फ्रँकफर्ट-हान’ म्हणून विकला गेला, आणि फ्रँकफर्टपासून त्याचे अंतर आहे सुमारे १२० किलोमीटर. याच हिशेबाने थोडी ओढाताण केली, तर नाशिकच्या ओझर विमानतळाला ‘धुळे विमानतळ’ म्हणता येईल. आग्रा रोडने रोज जाणारे-येणारे लोक मात्र हे नाव ऐकून हसल्याशिवाय राहणार नाहीत.

म्हणून जाणकार हद्द न पाहता ‘ओढा’ पाहतात. एखाद्या भागातले लोक विमान पकडायला प्रत्यक्षात कुठे जातात, तो भाग त्या विमानतळाचा समजायचा. दोन विमानतळांचे हे भाग बऱ्यापैकी एकमेकांत मिसळत असतील, म्हणजे एकाच घरातला माणूस भाडे आणि वेळ पाहून आज इथून, उद्या तिथून जात असेल, तरच त्या दोघांना एका महानगराची जोडी म्हणण्यात अर्थ आहे.

दुसरी चूक प्रवाशांची एकूण संख्या पाहून होते, आणि ती अधिक फसवी आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटाच्या एकाच विमानतळावरून सुमारे १० कोटी ८० लाख प्रवाशांची ये-जा झाली. जगात कोणत्याही एका विमानतळाचा आकडा इतका मोठा नव्हता. लंडनच्या सहा विमानतळांची त्याच वर्षीची बेरीज १७ कोटी ७० लाखांच्या आसपास भरते, आणि न्यूयॉर्कच्या तीन विमानतळांची साडेचौदा कोटींच्या पुढे जाते. अटलांटा हे काही लंडन किंवा न्यूयॉर्कच्या तोडीचे शहर नव्हे, मग एकाच विमानतळावर एवढी गर्दी कशी? कारण तिथल्या निम्म्याहून अधिक प्रवाशांचा अटलांटा शहराशी काही संबंध नसतो. ते एका विमानातून उतरतात, त्याच इमारतीत दुसऱ्या दाराशी जातात आणि पुढच्या विमानात बसतात. भुसावळ जंक्शनवर गाडी बदलणारे सगळेच भुसावळचे नसतात, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. विमानतळांच्या आकड्यांपुढे मात्र हे भान सुटते.

हा फरक लक्षात आला की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. गाडी बदलणाऱ्या प्रवाशांना सगळी विमाने एकाच छताखाली हवी असतात. त्यांच्यासाठी दोन विमानतळ म्हणजे शुद्ध अडचण. ज्यांचा प्रवास त्या शहरात सुरू होतो किंवा संपतो, त्यांना घराजवळचा विमानतळ हवा असतो. त्यांच्यासाठी दोन असणे सोयीचे ठरू शकते. म्हणून एखादे महानगर अनेक विमानतळ पेलू शकेल की नाही, हे त्या शहराच्या स्वतःच्या प्रवाशांच्या संख्येवर ठरते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत या विषयाचा दीर्घकाळ अभ्यास केलेले प्राध्यापक रिचर्ड द न्यूफव्हिल यांनी हाच मुद्दा वारंवार मांडला आहे: शहराची स्वतःची मागणी पुरेशी मोठी होण्याआधी बांधलेला दुसरा विमानतळ बहुधा ओस पडतो.

पण मग पहिला विमानतळ ‘भरतो’ म्हणजे नेमके काय होते? आपल्याला गर्दी दिसते ती टर्मिनलमध्ये, म्हणजे सुरक्षा तपासणीच्या रांगेत आणि सामानाच्या पट्ट्यापाशी. ती गर्दी इमारत वाढवून कमी करता येते. खरी अडचण धावपट्टीवर असते. एक विमान उतरून धावपट्टीवरून बाजूला होईपर्यंत दुसरे उतरू शकत नाही, आणि मोठ्या विमानाच्या पंखांमागे हवेत जे भोवरे उठतात ते विरेपर्यंत मागच्याला अंतर राखावे लागते. मुंबईच्या जुन्या विमानतळावर धावपट्ट्या दोन आहेत. पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीचाच वापर करता येतो. नावाला दोन, कामाला एक. या एकीवरून गर्दीच्या तासाला ४५ च्या आसपास विमाने उतरवली-उडवली जातात. म्हणजे दर ८० सेकंदांना एक हालचाल, आणि हे पहाटेपासून रात्रीपर्यंत चालते. २०२४-२५ या वर्षात या विमानतळाने सुमारे साडेपाच कोटी प्रवासी हाताळले. आजूबाजूला झोपडपट्ट्या, मिठी नदी आणि उंच इमारती असल्याने तिथे दुसरी समांतर धावपट्टी होणे शक्य नव्हते.

धावपट्टी अपुरी पडली की ‘स्लॉट’ जन्माला येतो. अमुक दिवशी अमुक वाजता उतरण्याची किंवा उडण्याची परवानगी म्हणजे स्लॉट. लंडनच्या हीथ्रोवर वर्षाला ४,८०,००० हालचालींची कायदेशीर मर्यादा आहे आणि ती जवळजवळ पूर्ण वापरली जाते. त्यामुळे तिथे स्लॉटचा बाजारच भरतो. २०१६ मध्ये ओमान एअरने हीथ्रोवर उतरण्या-उडण्याच्या एका जोडीसाठी साडेसात कोटी डॉलर मोजल्याचे वृत्त होते. एवढे पैसे मोजून मिळवलेल्या वेळेला कोणती कंपनी सत्तर आसनांचे विमान आणील? ती तीनशे-साडेतीनशे आसनांचेच आणणार. विमानतळ भरत गेला की छोटी विमाने आणि छोटी गावे आधी बाहेर ढकलली जातात. जळगावच्या दृष्टीने या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि तिच्याकडे मी पुढे पुन्हा येणार आहे.

इतकी अडचण असेल तर कंपन्या आपणहून शेजारच्या रिकाम्या विमानतळावर का जात नाहीत? याचे उत्तर बाजार समितीत मिळते. अमळनेरच्या यार्डात गाड्यांची रांग लागलेली असते, जवळच्या उपबाजारात शुकशुकाट असतो, तरी शेतकरी ट्रॉली अमळनेरलाच वळवतो, कारण व्यापारी जास्त तिथे बोली जास्त. आणि व्यापारीही तिथेच बसतो, कारण माल तिथे येतो. विमानांचेही असेच आहे. मुंबईहून दिल्लीला एका विमानतळावरून दिवसाला वीस उड्डाणे असतील आणि दुसऱ्यावरून दोन, तर ज्याची बैठक लांबू शकते तो प्रवासी वीसवाल्याकडेच जाणार, कारण एक विमान चुकले तर तासाभरात दुसरे मिळते. मग दोनवाल्या विमानतळावरचे विमान अर्धे रिकामे जाते आणि कंपनी तेही उचलून पहिल्याकडे नेते. थोडक्यात, गर्दी गर्दीला ओढते. दुसरा विमानतळ कागदावर कितीही सोयीचा असला, तरी पहिला गळ्यापर्यंत भरल्याशिवाय किंवा दुसऱ्याला काही तरी वेगळे काम सापडल्याशिवाय तो आपोआप भरत नाही.

ही ओढ सरकारी हुकमाने मोडता येईल असे ज्यांना वाटले, त्यांच्यापैकी कॅनडातल्या माँट्रियलची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या सरकारने ठरवले की शहराजवळचा डोरव्हाल विमानतळ लवकरच अपुरा पडेल. म्हणून सुमारे ५५ किलोमीटरवर मिराबेल येथे ९७,००० एकर जमीन संपादित केली गेली. ती बरीचशी चांगली शेतजमीन होती आणि हजारो कुटुंबांना घरदार सोडावे लागले. विस्थापन म्हणजे काय, हे नर्मदेवरच्या धरणात गावे गेलेल्या अक्कलकुवा-धडगावच्या लोकांना वेगळे समजावून सांगायला नको. १९७५ मध्ये मिराबेल सुरू झाला आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणे सक्तीने तिकडे पाठवली गेली; देशांतर्गत उड्डाणे मात्र डोरव्हाललाच राहिली. परिणामी कॅनडातल्या दुसऱ्या शहरातून येऊन युरोपला जाणाऱ्या प्रवाशाला एका विमानतळावर उतरून बसने दुसऱ्यावर जावे लागे. नियोजित रेल्वे कधी झालीच नाही. लोकांनी साधा मार्ग शोधला: माँट्रियल टाळून टोरोंटोला विमान बदलायचे. विमानतळामुळे जे शहर देशाचे दार होणार होते, त्याचे ते स्थान टोरोंटोकडे जाण्याला यामुळे हातभारच लागला. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय उड्डाणांना डोरव्हालला परतण्याची मुभा मिळाली, २००४ मध्ये मिराबेलवरून शेवटचे प्रवासी विमान गेले आणि पुढे त्याची टर्मिनल इमारत पाडण्यात आली. आज तिथे मालवाहतूक आणि विमाननिर्मिती चालते. गंमत अशी की ज्या पंतप्रधानांच्या काळात मिराबेल उभा राहिला, त्या पिएर ट्रुडो यांचे नाव आज डोरव्हालला आहे.

टोकियोनेही हेच केले. पण शहर अवाढव्य असल्याने ते निभावले. हानेदा हा टोकियो उपसागराच्या काठावरचा, शहराला खेटून असलेला विमानतळ १९३१ पासूनचा. तो भरल्यावर सुमारे ६० किलोमीटरवर नारिता येथे शेतजमिनीवर नवा विमानतळ ठरवला गेला. शेतकरी आणि त्यांना साथ देणारे विद्यार्थी यांनी इतका तीव्र विरोध केला की मार्च १९७८ मध्ये, उद्घाटनाच्या तोंडावर, आंदोलकांनी नियंत्रण मनोऱ्यात घुसून यंत्रे फोडली आणि विमानतळ मे महिन्यात सुरू झाला. पुढे सुमारे तीन दशके आंतरराष्ट्रीय विमाने नारिताला आणि देशांतर्गत हानेदाला अशी जवळपास काटेकोर विभागणी राहिली. जपानच्या लहान शहरांतल्या प्रवाशांना ती इतकी जाचक वाटली की परदेशी जाताना त्यांतले बरेच जण टोकियोऐवजी दक्षिण कोरियातल्या इंचॉनला विमान बदलू लागले. अखेर २०१० मध्ये हानेदाला समुद्रात भराव आणि खांब घालून चौथी धावपट्टी झाली, नवे आंतरराष्ट्रीय टर्मिनल झाले आणि दूरची विमाने पुन्हा शहराजवळ उतरू लागली. २०२४ मध्ये हानेदाचे प्रवासी साडेआठ कोटींच्या आसपास होते आणि नारिताचे चार कोटींच्या. टोकियोच्या प्रवाशांपैकी जवळपास दोनतृतीयांश जवळच्या विमानतळावर आहेत. लंडनमध्ये हीथ्रोचा वाटा निम्म्याहून थोडा कमी आहे आणि न्यूयॉर्कमध्ये तिथल्या सर्वांत मोठ्या केनेडी विमानतळाचा त्याहूनही थोडा कमी. मला विचाराल तर महानगरांची तुलना करायला हा एकच आकडा, म्हणजे सर्वांत मोठ्या विमानतळाचा वाटा, विमानतळांच्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त बोलका आहे.

मिलानची कथा याच वळणाची असल्याने ती थोडक्यात: १९९८ मध्ये इटली सरकारने जवळच्या लिनातेवरची बहुतेक विमाने दूरच्या माल्पेन्साला हलवण्याचा घाट घातला, तिथवरची रेल्वे तयार नसल्याने युरोपीय आयोगाने आक्षेप घेतला, आणि दहा वर्षांनी खुद्द आलितालिया या इटलीच्या राष्ट्रीय विमान कंपनीनेच माल्पेन्साचा आपला मुख्य तळ आवरता घेतला.

विभागणी जिथे टिकली, तिथे दुसऱ्या विमानतळाला वेगळा ग्राहक मिळाला होता. याचे माझे सर्वांत आवडते उदाहरण लंडन सिटी. १९८७ मध्ये जुन्या गोदीच्या जागेवर झालेल्या या विमानतळाची धावपट्टी अवघी १,५०८ मीटर आहे, म्हणजे जळगावच्या धावपट्टीपेक्षाही आखूड. इमारतींच्या गर्दीमुळे विमानाला नेहमीच्या ३ अंशांऐवजी साडेपाच अंशांच्या उतारावरून खाली यावे लागते, त्यामुळे त्यासाठी मान्यता मिळालेली विमाने आणि प्रशिक्षित वैमानिकच तिथे उतरू शकतात. तरीही तो चालला, कारण लंडनच्या बँकांचा आणि वित्तसंस्थांचा परिसर तिथून काही किलोमीटरवर आहे आणि ज्याला सकाळी झुरिकला जाऊन संध्याकाळी परतायचे आहे, तो जास्त भाडे देऊन हा विमानतळ निवडतो. धावपट्टीची लांबी हेच लहान विमानतळांच्या अपयशाचे कारण मानणाऱ्यांनी हे उदाहरण नीट पाहावे. दुसऱ्या टोकाला स्टॅन्स्टेड आहे. तो दूर आहे. पण स्वस्त विमान कंपन्यांनी तो घेतला आणि भाड्यात चार पैसे वाचवायला लोक तासभर आगगाडीत बसायला तयार झाले. बँकॉकमध्ये २००६ साली सुवर्णभूमी विमानतळ सुरू होताच जुना डॉन म्युआंग प्रवासी विमानांसाठी बंद करण्यात आला, पण वर्षभराच्या आतच तो पुन्हा उघडावा लागला आणि पुढे स्वस्त कंपन्यांनी तो गजबजवला.

न्यूयॉर्कमध्ये ही विभागणी नियमाने राखली गेली आहे. तिथल्या ला गार्डिया या शहराजवळच्या छोट्या विमानतळावरून, काही अपवाद वगळता, १,५०० मैलांपलीकडे विमान नेता येत नाही. दूरचे प्रवासी केनेडी आणि नुआर्क या दोघांनी घ्यायचे. माँट्रियलपेक्षा हे वेगळे का ठरले? कारण केनेडी आणि नुआर्क या दोन्ही ठिकाणी देशांतर्गत आणि आंतरराष्ट्रीय अशी दोन्ही विमाने आहेत. विमान बदलणाऱ्याला शहर ओलांडावे लागत नाही. नियमाने वाटणी करायची तर ती अंतरावर करावी, देशी-विदेशीवर करू नये, असा याचा अर्थ मी घेतो.

मालकी हा मुद्दा चर्चेत क्वचितच येतो, पण तो भाड्यावर आणि सोयींवर परिणाम करतो. न्यूयॉर्कचे तिन्ही विमानतळ एकाच सार्वजनिक प्राधिकरणाकडे आहेत. लंडनमध्ये हीथ्रो, गॅटविक आणि स्टॅन्स्टेड हे एकाच कंपनीकडे होते. पण स्पर्धा आयोगाने २००९ मध्ये ते वेगळे करायला लावले. त्याच वर्षी गॅटविक विकला गेला आणि २०१३ मध्ये स्टॅन्स्टेड. मुंबईत जुना विमानतळ अदानी समूहाकडे आहे आणि नव्या विमानतळाच्या कंपनीतही त्याच समूहाचा ७४ टक्के, तर सिडकोचा २६ टक्के वाटा आहे. दिल्लीत याच्या उलट चित्र आहे: इंदिरा गांधी विमानतळ जीएमआर समूहाकडे आणि जेवरचा नोएडा विमानतळ झुरिक विमानतळ कंपनीच्या उपकंपनीकडे. एकाच मालकाकडे दोन्ही असले की विमाने इकडून तिकडे हलवताना समन्वय सोपा जातो. वेगळे मालक असले की विमान कंपन्यांना घासाघीस करता येते. भारतात मोठ्या विमानतळांची मुख्य शुल्के सरकारी नियामक ठरवतो, म्हणून फरक काहीसा बोथट होतो. तरीही पुढच्या दहा वर्षांत मुंबई आणि दिल्ली यांची याच अंगाने तुलना करणे उद्बोधक ठरेल.

भारताने आजवर दोन विमानतळ एकत्र चालवण्याचे बहुतेक टाळलेच होते. २००८ मध्ये हैदराबादला शमशाबाद आणि बंगळूरला देवनहळ्ळी येथे नवे विमानतळ सुरू झाले, तेव्हा बेगमपेट आणि एचएएल हे जुने विमानतळ नियमित प्रवासी उड्डाणांसाठी बंद करण्यात आले. नव्याला गिऱ्हाईक हमखास मिळावे, हा त्यामागचा हिशेब होता. गोव्यात मात्र नौदलाच्या तळावरचे दाबोळी चालू ठेवून जानेवारी २०२३ पासून मोपाही सुरू झाला. दाबोळी दक्षिणेला, मोपा पार उत्तरेला. त्यामुळे गोव्याचे तिकीट काढताना कोणता गोवा, हे न पाहणाऱ्याला टॅक्सीभाड्याचा चांगलाच दणका बसतो.

मुंबईची परिस्थिती या सगळ्यांहून निराळी आहे. जुना विमानतळ वर्षानुवर्षे काठोकाठ भरलेला होता, म्हणजे माँट्रियलसारखी घाई इथे झाली नाही; उलट २००७ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळालेला विमानतळ सुरू व्हायला अठरा वर्षे लागली. नव्या विमानतळाची पहिल्या टप्प्यातली क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची आहे आणि सगळे टप्पे झाल्यावर ती ९ कोटींवर जाईल. तिथल्या दोन नियोजित धावपट्ट्या समांतर असल्याने, दोन्ही पूर्ण झाल्यावर त्या एकाच वेळी वापरता येतील. देशी-विदेशी अशी सक्तीची वाटणी केलेली नाही, हे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते.

तरीही सामान्य प्रवाशाला धोका आहे तो मधल्या प्रवासाचा. समजा, पारोळ्याचा एक विद्यार्थी हैदराबादला शिकतो आणि त्याला तिथून मुंबईमार्गे फ्रँकफर्टला जायचे आहे. त्याने स्वस्त पडतात म्हणून दोन वेगवेगळी तिकिटे काढली; एकावर मुंबईचे चिन्ह ‘एनएमआय’ आहे, दुसऱ्यावर ‘बीओएम’. दोन्ही ठिकाणी शहराचे नाव ‘मुंबई’च छापलेले. मध्ये तीन तास आहेत, म्हणून तो निर्धास्त. प्रत्यक्षात त्याला नवी मुंबईत उतरून, पट्ट्यावरून सामान घेऊन, वाहनाने ठाण्याची खाडी ओलांडून अंधेरीकडच्या टर्मिनलवर जायचे आहे आणि आंतरराष्ट्रीय विमानाची खिडकीवरची नोंदणी (चेक-इन) उड्डाणाच्या साधारण तासभर आधी बंद होते. तिकिटे वेगळी असल्याने विमान चुकले तर दुसऱ्या कंपनीची काहीच जबाबदारी नाही. दोन्ही विमानतळांना जोडणारी मेट्रो ८ प्रस्तावित आहे. ती होईपर्यंत अशा जोडतिकिटाला किमान सहा-सात तासांचे अंतर ठेवणे बरे. तीन अक्षरांचे ते चिन्ह वाचण्याची सवय आता लावून घ्यावी लागेल.

आणि खान्देशातून निघणाऱ्याने कोणता विमानतळ धरावा? याचेही उत्तर एक नाही. जळगाव-भुसावळहून मध्य रेल्वेने जाणारा माणूस कल्याण, ठाणे करत दादरला किंवा सीएसएमटीला पोहोचतो. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ पूर्ण मार्गावर सुरू असल्याने सीएसएमटी किंवा दादरहून तो थेट जुन्या विमानतळाच्या टर्मिनल २ पर्यंत जाऊ शकतो. त्यालाच नवी मुंबईला जायचे असेल, तर ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बरची लोकल आणि पुढे रिक्षा किंवा टॅक्सी, असा सामानासह दोनदा चढउतार आहे. धुळ्याहून गाडीने निघालेल्याचे गणित वेगळे. आग्रा रोडने नाशिक ओलांडून इगतपुरीपाशी समृद्धी महामार्ग धरला, तर कसारा घाट टाळून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत झपाट्याने जाता येते, आणि तिथून ठाणे-बेलापूरच्या बाजूने नवी मुंबई गाठायची की मुंबईत शिरायचे, हे त्या वेळच्या वाहतुकीवर ठरते. नंदुरबारचा माणूस तर पश्चिम रेल्वेने सुरतमार्गे बोरिवलीला उतरतो. त्याच्यासाठी अंधेरीकडचा विमानतळ हाकेच्या अंतरावर आणि नवी मुंबई शहराच्या पलीकडे. शिवाय वाटेत खुद्द सुरतचा विमानतळ आहेच. विमानतळाची जवळीक किलोमीटरमध्ये मोजणे का फसवे, ते या तीन जिल्ह्यांवरून चांगले दिसते.

खरे तर खान्देश म्हणजे या विषयाचे उलटे चित्र आहे. एका महानगराभोवती अनेक विमानतळ नाहीत, तर अनेक विमानतळांच्या मध्ये एक मोठा ग्रामीण प्रदेश आहे: ओझर, शिर्डी, चिकलठाणा, सुरत, इंदूर आणि घरचे जळगाव. २०१२ मध्ये उद्घाटन झालेल्या जळगाव विमानतळावर ‘उडान’ योजनेखाली २०१७ च्या डिसेंबरमध्ये मुंबईची सेवा सुरू झाली आणि त्यानंतर कंपन्या येत-जात राहिल्या. स्थानिक चर्चेत याचे खापर कधी प्रवाशांच्या संख्येवर, कधी धावपट्टीवर फुटते. धावपट्टी पावणेदोन हजार मीटरच्या आसपास असल्याने एटीआर-७२ सारखी सत्तर-पंचाहत्तर आसनांची पंख्याची विमाने तिथे चालतात, जेट विमानांना ती अपुरी पडते, हे खरे. पण मूळ दुखणे मुंबईच्या टोकाला होते. एटीआर विमान मुंबईत उतरताना १८० आसनांच्या विमानाइतकाच एक स्लॉट खाते, वर त्याचा वेग कमी असल्याने मागच्या जेटला थांबवून धरते. मग अशा विमानाला गर्दीच्या वेळेतला स्लॉट मिळणे मुश्कील होते आणि भलत्याच वेळेचे विमान व्यापाऱ्याच्या काय कामाचे? सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याची सोय नसेल, तर माणूस रात्रीच्या रेल्वेत झोपून जाणेच पसंत करतो, आणि मग ‘जळगावला प्रवासीच नाहीत’ असा शेरा मारायला सगळे मोकळे.

नवी मुंबईने ही गाठ सैल होऊ शकते. तिथे सध्या तरी सकाळ-संध्याकाळचे स्लॉट मोकळे ठेवायला वाव आहे. पण अमळनेरच्या यार्डाचा नियम तिथेही लागू आहे, आणि मोठ्या कंपन्यांची विमाने वाढली की ही जागाही भरणार. म्हणून जुन्या विमानतळावरची अवेळ की नव्यावरची सोयीची वेळ, अशी निवड करायची झाली तर जळगावच्या लोकप्रतिनिधींनी आणि व्यापारी संघटनांनी आत्ताच नव्या विमानतळावरच्या सकाळच्या स्लॉटची मागणी लावून धरावी, असे माझे मत आहे. ‘अंधेरीलाच उतरवा’ हा आग्रह सोडावा लागेल. नरिमन पॉइंटला काम असलेल्याला अटल सेतूवरून जावे लागेल आणि टोलही भरावा लागेल. तरीही रोज ठरलेल्या वेळी जाऊन त्याच दिवशी परत आणणारे विमान दूरच्या विमानतळावर उतरत असले, तरी ते प्रवाशाला जवळच्या विमानतळावरच्या बेभरवशाच्या विमानापेक्षा अधिक उपयोगी पडते, आणि एकदा आठवड्यातले सातही दिवस ते भरून जाऊ लागले की धावपट्टी वाढवण्याच्या मागणीलाही आकड्यांचा आधार मिळतो.